मागच्या आळीचं पाणी

गावात पाणी कोणाला मिळणार, हे नेमसिंगच्या हातात आहे असं लोक म्हणायचे. कशाचं काय! त्याच्या हातात होती ती फक्त लांब लोखंडी चावी. टाकीवरून येणाऱ्या पाइपाला आळीआळीला व्हॉल्व, प्रत्येक व्हॉल्व जमिनीत खड्ड्यात, वर फरशी. कोणती आळी कधी, ते सरपंच पुंडलिकराव सांगायचे आणि नेमसिंग चावी फिरवायचा. ग्रामपंचायतीत लागल्यापासून त्यानं वरचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता, आणि त्याचा त्याला अभिमान होता, खोटं कशाला बोला.

उन्हाळ्याच्या तोंडावर ग्रामसभा झाली. मागच्या आळीचे लोक उभे राहून म्हणाले, नळाला गढूळ पाणी येतं. चारचौघांत बोलले ते पुंडलिकरावांना झोंबलं. बाहेर पडताना चप्पल पायात सरकवत ते नेमसिंगला म्हणाले, "मागच्या आळीचं बंद ठेव दोन-चार दिवस. मंग पाहू."

नेमसिंगनं बंद केलं. दोन-चार दिवस गेले, आठवडा गेला, पुढचा शब्द काही येईना. पुंडलिकराव रोज भेटायचे, पाण्याच्या मोटारीची चौकशी करायचे, मागच्या आळीचं नाव काढायचे नाहीत. साहेबांचा राग अजून उतरला नाही, असं नेमसिंगनं आपल्या मनानंच धरलं. तरी आळीच्या नळांना करंगळीएवढी धार यायची, बाया त्यावर गुंड-घागरी भरायच्या. काम अर्धवट राहिल्यासारखं त्याला वाटलं, म्हणून त्यानं जोर लावून व्हॉल्व आणखी आवळला. हे तर त्याला कोणी सांगितलंही नव्हतं!

बरं, त्या फरशीला काही कुलूप नव्हतं. आळीतल्या तनवीरचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान, पान्यांचा ढीग घरात. पण त्यानं हात लावला नाही, कोणीच लावला नाही. सगळे येऊन नेमसिंगलाच विनवायचे.

तनवीरची आई सुग्राबी. नेमसिंगची माय कापूस वेचायला जायची तेव्हा पोराला हिच्याच ओट्यावर सोडून जायची. ईदच्या शेवया त्यानं हिच्या हातच्या खाल्ल्या. म्हातारी रागावली नाही, एवढंच म्हणाली, "बेटा, पुंडलिकरावले एकडाव इचारून तं पाह्य."

तो गेला. अंगणात माणसं बसली होती. पुंडलिकरावांनी नुसतं "काय रे?" म्हटलं. मोटार बरोबर चालू आहे, तेवढं सांगायला आलो होतो, असं म्हणून नेमसिंग परतला. स्वतःची लाज वाटली त्याला. दुसऱ्या दिवसापासून तो सुग्राबीचा ओटा चुकवून लांबच्या वाटेनं जाऊ लागला.

घरात सून जेबा ओली बाळंतीण, तनवीर दुकानात. सुग्राबी बादली घेऊन जुन्या विहिरीवर गेली. पायरीवरून पाय घसरला, डोकं दगडावर आपटलं. दवाखान्याची गाडी येईपर्यंतच संपलं सगळं.

नेमसिंग धावत आला, चावी खांद्यावर तशीच. तनवीर दारातून पुढं आला.

"नेमसिंगभाऊ, अम्मीले शेवटची आंघोळ घालाची आहे. घरात पाण्याचा थेंब नाही. खोलून द्या."

नेमसिंगनं फरशी सरकवली, चावी बसवली. आणि हात थांबला. सगळी आळी पाहत होती. डोळ्यांतून पाणी गळत असताना त्यानं खिशातून फोन काढला.

"साहेब, मागच्या आळीचं खोलू काय?"

 पलीकडून पुंडलिकरावांचा आवाज जवळ उभ्या असलेल्या तनवीरलाही ऐकू आला. "अबे, ते अजून बंदच आहे? मी तं विसरूनबी गेलतो. खोलायले तुले कोणी अडवलं होतं?"

नेमसिंगनं फोन खाली ठेवला आणि चावीला जोर दिला. व्हॉल्व हलेना. त्यानंच आवळलेला, कसा हलणार? तनवीर खाली बसला, त्यानंही चावीला हात घातला. दोघांनी मिळून जोर केला तेव्हा कुठं तो फिरला. नळ खोकले, आधी गढूळ, मग नितळ पाणी आलं. बायांनी घागरी भरल्या, आत नेल्या.

आळीतली भांडी भरून झाली. नेमसिंग खड्ड्याशीच उभा होता. खाली मान घालून, हळूच, त्यानं तनवीरला विचारलं, "बंद कधी करू?"

तनवीरनं त्याच्याकडं पाहिलं आणि तो आईकडं आत गेला. नेमसिंग चावी धरून तिथंच उभा राहिला.