सकाळचा पाय

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी सालची गोष्ट. त्या घरात सकाळी पडदे उघडत नसत.

आई शिवणकाम करायची. धाकटी लेक, चिमणी, झोपेतून उठली की डावा पाय ओढत मोरीपर्यंत जायची. फरशीवर खरडल्यासारखा आवाज व्हायचा. दुपारपर्यंत तोच पाय मोकळा होई आणि पोर जिन्यावर उड्या मारी.

"शाळा बुडवायची नाटकं," वडील म्हणत.

आजीला घोर निराळाच. "लंगडी म्हणून एकदा नाव पडलं की कोण पदरात घेणार हिला? थोरलीचंही अडेल." म्हणून चिमणीने घराबाहेर पडायचं ते दुपारनंतरच. डॉक्टरांकडेही तिला दिवेलागणीला नेत. ते चालायला लावत, ती टुणटुण चालून दाखवी. "वाढीचं दुखणं आहे," म्हणत ते गोळ्या देत.

वर्ष असंच गेलं.

एकदा नव्या पायजम्याचं माप घेताना आईचा हात थबकला. डावा गुडघा टम्म, गरम. वरची मांडी मात्र वाळलेली.

"एवढं झालं, बोलली नाहीस गं?"

"सकाळचा पाय वेगळा असतो, आई. डॉक्टरकाकांना तुम्ही संध्याकाळचा दाखवता."

दुसऱ्या दिवशी उजाडताच आईने दार उघडलं.

"अगं, लोक बघतील," आजी आडवी आली.

"बघू देत, सासूबाई. डॉक्टरांनाही हेच दाखवायचंय."

गल्लीभर तो पाय खरडत गेला. खिडक्या उघडल्या. आईने मान खाली घातली नाही.

डॉक्टरांनी गुडघ्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. "सकाळी कशी असते, हे मी कधी विचारलंच नाही," ते म्हणाले. "आजच मोठ्या दवाखान्यात न्या, लहान मुलांच्या सांध्यांच्या डॉक्टरांकडे. डोळेही तपासा. या आजारात डोळा न दुखता जातो."

गुडघा वाचला. उजव्या डोळ्यात मात्र अंधार आधीच शिरला होता.

थोरलीचं लग्न काही अडलं नाही. चिमणी आता आईच्याच दुकानात कापड बेतते, मान किंचित उजवीकडे वळवून. वडील पुन्हा कधी 'नाटकं' म्हणाले नाहीत. चिमणी सरळ चालू लागली, तरी आजीला शेवटपर्यंत पहाटे तो आवाज येई. "पडदा उघडा गं," म्हणत ती उठून बसे.

आई थकली, पण मापं तीच घेते. लेकरू कुणाचंही असो, टेप लावताना विचारते, "सकाळी उठल्यावर कसं चालतं हो हे?"

काही बायका रागावतात. ती पुन्हा विचारते.