मीटर खोटं की पाणी?

आमचे हे, अप्पाराव, बोलायला मऊ आणि हट्टाला पक्के. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झाले तेव्हा वाटलं, आता देवळात जाऊन बसतील. कशाचं काय! अंबरपेठच्या घरात समुद्र आणून ठेवला. चार फुटांची काचेची टाकी, खारं पाणी, जिवंत पोवळी आणि दोन नारिंगी मासे. सहा महिने मी तोंडाचा पट्टा चालू ठेवला. मग ते मासे मला ओळखायला लागले. मी दिसले की काचेपाशी धावत यायचे. झालं, माझीच बोलती बंद.

या पाण्यात फॉस्फेट वाढलं की शेवाळ माजतं आणि पोवळी मरतात, म्हणून ते सारखं मोजावं लागतं. आधी आमच्याकडे थेंबांची बाटली होती. थेंब टाकले की पाणी निळं व्हायचं, मग ते निळं कार्डावरच्या रंगाशी जुळवायचं. हे म्हणायचे फिकट, मी म्हणायची गडद. बेचाळीस वर्षांत साडीच्या रंगावर आमचं एकमत झालं नाही, फॉस्फेटवर कुठून होणार?

म्हणून मीटर घ्यायचं ठरलं. आता काय, सगळं मिळतं हो. टेलिफोनसाठी आम्ही सात वर्षं नंबर लावून बसलो होतो, आणि हे परदेशी मीटर सिकंदराबादच्या दुकानात हात लांब केला की मिळतं. दुकानदार ओळखीचा, त्याने स्वस्तातलं मीटर आठ दिवस वापरून बघायला दिलं. महागातलं निखिलने दिलं. निखिल म्हणजे विद्यानगरला राहणारा, पुण्याहून आलेला कॉम्प्युटरवाला. त्याच्याकडेही अशीच टाकी आहे. "काका, दोन्ही वापरा, मग ठरवा," म्हणाला.

मीटरचं काम सोपं. काचेच्या छोट्या कुपीत टाकीचं पाणी घ्यायचं, त्यात मीटरसोबतच्या औषधाची पुडी टाकायची, झाकण लावून हलवायचं, कुपी मीटरमध्ये ठेवायची. आकडा येतो. पहिल्या दिवशी दोन्ही मीटरवर आकडा झकास आला. मोजून झाल्यावर हे त्या कुप्या नुसत्या विसळून माझ्या ओट्यावर ठेवायला लागले. मी म्हटलं, नक्को! माशाचं पाणी लागलेली वस्तू माझ्या स्वैपाकघरात अशी राहणार नाही. भांड्याची पावडर घेतली, घासणी घेतली, झाकणंसुद्धा आतून घासून लख्ख केली. मग रोजचंच झालं ते.

दुसऱ्या दिवशी आकडा दसपट. दोन्ही मीटरवर.

ह्यांचा चेहरा उतरला. पाणी बदललं. परत मोजलं, आकडा तस्साच. माशांचं खाणं निम्मं केलं, मग दिवसाआड केलं, कारण खाण्यातूनही फॉस्फेट येतं म्हणे. मासे काचेशी येऊन माझ्याकडे बघत राहायचे आणि मला ताटावर बसवेना. आठव्या दिवशी, शनिवारी, ह्यांनी निखिलला फोन लावला. "उद्या येऊन सगळं घेऊन जा बाबा. माझ्या हातून जीव मरायला नकोत."

मी ऐकलं आणि माझं टाळकंच सरकलं. "दोन डबड्यांच्या सांगण्यावरून माझे मासे देऊन टाकता?"

"तारा, दोन-दोन मीटर तेच सांगतायत."

"मग दोन्ही खोटारडी! मी दाखवते तुम्हाला."

रविवारी सकाळी इन्व्हर्टरसाठी आणलेला बॅटरीच्या पाण्याचा कॅन मी त्यांच्यापुढे आदळला. "यात काहीच नसतं ना? मग यात किती फॉस्फेट दाखवतात बघा तुमची साहेबं."

ह्यांनी मोजलं. महागड्या मीटरने दाखवलं, भरपूर. स्वस्त मीटरने दाखवलं, तेवढंच.

"बघा!" मी टाळीच वाजवली. "टाका पिशवीत आणि द्या परत!"

हे मात्र मीटरकडे बघतच बसले. म्हणाले, "आमच्या खात्यात एक होतं. दोन दिवे एकदम चुकले तर दिव्यांना नाही धरायचं, तारेला धरायचं. या दोघांत सारखं काय आहे?"

माझी नजर ओट्याकडे गेली. उरलेल्या कुप्या मी पालथ्या घातल्या होत्या आणि शेजारी पावडरीचा डबा. कळलं मला, पण गप्प राहावं असं वाटलं, खोटं कशाला बोलू? ह्यांनी एक झाकण उचललं, आतल्या आट्यांमधून नख फिरवलं. पांढरा लगदा निघाला, माझ्या पावडरीचा, आणि पावडरीतच फॉस्फेट असतं म्हणे. त्यांनी बॅटरीच्या पाण्याने कुपी आणि झाकण पाच-सहा वेळा खळखळून धुतलं, परत मोजलं. शून्य. मग टाकीचं पाणी मोजलं. नाममात्र. आमचं पाणी आठ दिवस चांगलंच होतं.

ह्यांनी कुपी पुसून बाजूला ठेवली. ओरडले असते तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते. मला रडूच आलं. स्वच्छता स्वच्छता करत मी त्या मुक्या जिवांना आठ दिवस अर्धपोटी ठेवलं होतं, आणि ह्यांना वाटत होतं की आपल्याला काही जमत नाही.

तेवढ्यात बेल वाजली. निखिल दोन बादल्या घेऊन दारात.

"अरे, सॉरी," हे घाईघाईने म्हणाले. "उगीच त्रास दिला तुला. मीटरांचाच काहीतरी घोळ होता."

"दोन्ही मीटरचा? माझं तर अजून वॉरंटीत आहे. मी आजच कंपनीला..." निखिल बिचारा गडबडला.

मला वाचवायला हे बोलले, ते कळलं मला. जन्मात मी माझी चूक ह्यांच्यापुढे कबूल केली नाही, तिऱ्हाईतापुढे तर दूरच. पण त्या बादल्या बघितल्या आणि तोंड आपसूक उघडलं. "मीटर चांगली आहेत रे. दोन्ही. मी कुप्या भांड्याच्या पावडरीने घासत होते रोज. चूक माझी. ह्यांची नाही, पाण्याचीही नाही."

हे माझ्याकडे बघतच राहिले. निखिलने हसू दाबलं आणि बादल्या जिन्यात ठेवल्या. "मग काका, कुठलं घेणार?"

"कुठलंही घेऊ," हे म्हणाले. "फक्त कुप्या मी धुणार."

"हौ, धुवा तुम्हीच," मी डोळे पुसत म्हटलं. "पण खायला मी घालणार. आत्ता."

आणि घातलं. चिमटीत मावेल तेवढं घेतलं, मग आणखी थोडं घेतलं. ह्यांनी अडवलं नाही. उलट टाकीचं झाकण हातात धरून उभे राहिले.