जांभळी नळी आणि मुतलकच्या गाठी

मी जांभळी नळी बोलतेय. मआन गावाबाहेरच्या वाळवंटात, फिद्दाच्या शेतात गेली अकरा वर्षं पडून आहे. गावाचं सांडपाणी तळ्यांत निवळून, गाळून माझ्यात येतं आणि बारीक भोकांतून ज्वारीच्या मुळाशी ठिबकतं. ज्वारी जात्याच काटक, एवढ्याशा पाण्यावर पुरुषभर वाढते. फिद्दाच्या शेळ्या वर्षभर तिच्यावरच जगतात.

माझं पाणी पिकाला चालतं, माणसानं पिऊ नये. ते ओळखू यावं म्हणूनच मला हा रंग दिलाय.

पण फिद्दाचे सासरे मुतलक यांच्या डोळ्यांवर पडदा आलेला. त्यांना माणसंसुद्धा सावल्यांसारखी दिसत.

एका दुपारी ते शेळ्या वळून आले. घसा कोरडा पडला होता. थेंबांचा आवाज ऐकत त्यांनी माझं टोक चाचपलं, बूच काढलं नि ओंजळ भरली. फिद्दा धावत आली आणि तिनं त्यांच्या हातावर फटकाच मारला. पाणी वाळूत सांडलं.

"तहानलेल्याच्या तोंडचं पाणी काढतेस? आमच्यात वैऱ्यालाही कुणी असं वागवत नाही!"

"मामंजी, ते गटाराचं गाळलेलं पाणी आहे. दहादा सांगितलं, जांभळ्या नळीला हात लावू नका."

"जांभळी म्हणे! मला तुझं तोंड दिसत नाही, अन् जांभळी कुठली दिसायला?"

हे फिद्दाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

तीन दिवस मुतलकनी तिच्या हातचा चहा घेतला नाही. भरला पेला ती तसाच परत नेई.

चौथ्या दिवशी सकाळी ते शेळीच्या केसांची दोरी घेऊन आले. वाळूत गुडघे टेकून, हातभर अंतरावर माझ्यावर एकेक जाड गाठ मारत सरकू लागले.

"हे काय करताय, मामंजी?"

"पलीकडच्या तंबूतल्या म्हाताऱ्या नौफालाही दिसत नाही. उद्या तिनं ओंजळ भरली, तर फटका मारायला तू असशील का इथं? बोटांना गाठ लागली की पाणी प्यायचं नाही, एवढं तिला सांगून ठेवू." गाठ आवळून ते म्हणाले, "उभी काय राहिलीस? चहा आण. साखर जरा जास्त घाल."

मुतलक जाऊन आता दोन हिवाळे झाले. उन्हानं माझी कातडी तडकलीय, क्षारांनी भोकं बुजलीत. यंदा माझ्या टोकाकडची ज्वारी गुडघ्याच्या वर आलीच नाही. नवी नळी कधीची आणून ठेवलीय, पण फिद्दाचा हात धजावत नाही. ती माझ्याजवळ बसते, गाठींवरून बोटं फिरवते आणि उठून जाते.

पोरी, तुझी माया कळते मला. पण आता मला उचल. ज्वारी तहानलीय.