मशीनमधल्या मुंग्या

मशीनमधला पंखा फिरत होता, पण रॉडला ठिणगी येत नव्हती. विरेशनं रॉड लोखंडावर घासला, पुन्हा घासला. लोखंड थंडच. मशीनच्या कपाळावरचा पिवळा दिवा तेवढा जळत राहिला, आजाऱ्याच्या उशाशी ठेवतात तसा.

शुक्रवार पेठेतल्या त्या घरात पुढच्या खोलीतच त्याचं वेल्डिंगचं काम चाले. चिंचोळी एमआयडीसीतली नोकरी सुटली तेव्हा त्यानं हे इन्व्हर्टर मशीन घेतलं होतं, एका हातानं उचलावं एवढंसं. दूर चाकणच्या कारखान्याचं बोलावणं होतं. पण आई गेल्यापासून आप्पांना मागं टाकून जायला त्याचा पाय निघत नव्हता. "मशीन चाललं तर हितंच पोट भरंल," असं तो बायकोला म्हणाला होता. आता मार्गशीर्ष लागला होता, चाकणवाले शेवटचं विचारत होते, आणि मशीननं मान टाकली होती.

आप्पा, म्हणजे त्याचे वडील संगप्पा, उंबऱ्यावर बसून बघत होते. पेठेतल्या कितीतरी खिडक्यांना त्यांच्या हातची जाळी. नुसते उभे गज त्यांनी कधी दिले नाहीत. गजागजातून एक वेल वर चढत जाई. सून सिद्धेश्वरी लग्न होऊन आली, तेव्हा पहिल्या दसऱ्याला तिनं ओवी म्हटली होती,

दसऱ्याच्या दिशी बाई, हत्याराला वाहू बेल
सासऱ्यानं माझ्या, लोखंडाची केली वेल

"खेळणं हाय त्ये," आप्पा म्हणाले. "आमचं मशीन चौघांनी उचलायचं. भिजलं तरी गुरगुरत ऱ्हायचं."

"लाइटबिल पण चौघांचं खायचं की, आप्पा."

"खाणारंच राबतंय."

विरेशनं अर्थिंगचा चिमटा खरवडून पाहिला. होल्डरची वायर बदलली. दुसऱ्या खोलीतल्या प्लगला लावून पाहिलं. फरक नाही. शेवटी त्यानं अतीकला बोलावलं. अतीक गल्लीच्या तोंडाशी पंखे, मिक्सर, मोटारी दुरुस्त करी, शाळेपासूनचा दोस्त. तोवर आप्पा आत जाऊन कलंडले होते.

अतीकनं प्लग काढला आणि विरेशचा हात धरला. "अब्बी नक्को. बंद पडलं तरी पोटात करंट धरून बसतंय हे. तुझ्या सासूसारखं."

"अतीकभाऊ, माज्या आईच्या हातची गव्हाची हुग्गी खाताना ग्वाड लागली की," सिद्धेश्वरी आतून म्हणाली. "आता करंट आठवला व्हय?"

हसतहसतच त्यानं स्क्रू काढले. पत्र्याचं कव्हर वर उचललं आणि लाल मुंग्यांची ओळ त्याच्या मनगटावर चढली.

"लोखंडाला मुंग्या? विरेश, मशीनला शुगर झाली रे तुझ्या."

ब्रश फिरवला तर ब्रशचे केस चिकटले. सर्किटच्या हिरव्या पट्टीवर पाक वाळल्यासारखा थर होता. त्यात कुंकू होतं, विभूतीची राख होती, अक्षता होत्या.

"आत हळदीकुंकू केलं काय कुणी?"

"आप्पांनी," विरेश म्हणाला. "खंडेनवमीला पूजा केलती. नारळ वरच फोडला आसंल." जुन्या मशीनवर ते असाच फोडत. त्या जाड लोखंडाला नारळाचं पाणी म्हणजे काहीच नाही. पण या पत्र्याला वारा जायला फटी होत्या. विरेशला हलकं वाटलं. म्हाताऱ्याची एक चूक. धुतली की संपली.

अतीकनं पंख्यामागं चिमटा घातला आणि बेलाचं एक पान बाहेर काढलं. त्याखालून दुसरं. मग कोमेजलेलं, मग करपलेलं, मग बोटात चुरा होणारं. पहिलं पान त्यानं उजेडात धरलं. ते हिरवंगार होतं.

"दसरा कवाच झाला," अतीक म्हणाला.

सिद्धेश्वरी चहा घेऊन आली होती. पान बघून तिथंच थांबली.

"सकाळच्याला तुमी माप घ्यायला भाईर गेला की मला परसाद देतात," ती हळू म्हणाली. "ओलं खोबरं हातावर ठेवतात. म्हंतात, पोरी, आज खंडेनवमी, तोंड ग्वाड कर. मला वाटलं देवळातनं आणत असतील, आन माजी थट्टा करतात."

"रोज?"

"रोज न्हाई, असं म्हणवत न्हाई."

"मला बोलली न्हाईस."

"काय बोलू? एक डाव म्हनले, मामा, दसरा झाला की. तर असं बघितलं माज्याकडं, जसं मीच कायतरी इसरले."

मशीनवर बाहेरून कधी डाग दिसला नव्हता. पूजा झाली की आप्पा ते फडक्यानं लख्ख पुसत असणार. दिवस हातातून निसटले होते, हाताची सवय तेवढी राहिली होती.

अतीकनं पट्टी थिनरनं धुतली, गच्चीवर उन्हात वाळवली. एक पार्ट जळला होता, तो दुकानातून आणून बदलला. मशीन आधी बल्बमधून जोडून पाहिलं. बल्ब भक्कन पेटला आणि लगेच मंद झाला. आत शॉर्ट नव्हता. विरेशनं रॉड टेकवला. भिंतीवर निळा उजेड पडला, लोखंड पाझरू लागलं.

"चाललं," अतीक म्हणाला. "आता चाकणचं राहू दे."

"आता कुटं जातोय," विरेश म्हणाला.

त्या रात्री त्यानं मशीन कपाटात घालून कुलूप लावलं. सकाळी तो मापाला न जाता घरीच थांबला. आप्पा आंघोळ करून, कपाळावर पट्टे ओढून, ताट घेऊन आले. कोपरा न् कोपरा बघितला.

"हत्यारं कुटं हायत?"

"आप्पा, दसरा हून गेला."

आप्पांनी ताटाकडं पाहिलं. "मग ह्यो बेल कुणी आणला?"

आप्पा ताट मांडीवर घेऊन भिंतीशी बसले. दुपारी सिद्धेश्वरीनं भाकरी वाढली, ती त्यांनी सरकवली. "हत्यार पारोसं ठेवून मी गिळू?" संध्याकाळी भाकरी कडक झाली, ताट मांडीवरच होतं.

पुढच्या सकाळी विरेश लवकर उठला. मशीनचं कव्हर काढलं, आतला सगळा संसार उचलून स्वयंपाकघरात गोधडीवर ठेवला, रिकामं कव्हर बाहेर पाटावर मांडलं. पुढून बघणाऱ्याला मशीनच वाटावं.

आप्पा आले. त्यावर विभूतीचे पट्टे ओढले, बेल वाहिला, डोळे मिटून ओठ हलवले. मग शेजारच्या बत्त्यावर नारळ तडकवून पत्र्यावर आपटला. पाणी फटींतून आत गेलं आणि खालून फरशीवर पसरलं. सिद्धेश्वरी दारात उभी होती, तिनं पदर तोंडाशी धरला.

आप्पांनी मान वाकडी करून कान लावला. पत्र्यावर बोटाच्या पेरानं टकटक केलं, आणखी एकदा केलं.

"विरेश, आवाज पोकळ येतोय. आतलं कायतरी गेलंय बघ. खोलून बघ एकदा."

"बघतो, आप्पा," विरेश म्हणाला.