मी वाजलेच नव्हते

मित्रांनो, मी एक जुनी शिट्टी आहे आणि मला माणसांच्या तोंडांची किळस आलेली आहे. हसू नका. तुम्ही माणसांना लांबून बघता, मला त्यांच्या दातांमध्ये दिवस काढावे लागतात. कोण काय पितं, काय चघळतं आणि त्याच तोंडाने काय बोलतं, हे माझ्याइतकं जवळून क्वचितच कुणी पाहिलं असेल.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पितळेच्या पत्र्यातून मला कापलं, वाकवलं, जोडलं आणि वरून चकचकीत मुलामा चढवला. मग तिथल्या एका मावशींनी बुचाची एक गोळी अंगठ्याने दाबून माझ्या पोटात सारली. ती गोळी आत नाचते, म्हणून माझा आवाज असा थरथरत, खणखणीत निघतो. मावशींनी नळीतून वारा सोडून मला वाजवून पाहिलं आणि शेजारणीला म्हणाल्या, की ही भांडकुदळ निघणार बघ. तेव्हा मला राग आला होता. आता वाटतं, मावशींनी मला बरोबर ओळखलं होतं.

तिथून मी एका शाळेत आले आणि खेळाच्या बाईंच्या गळ्यात पडले. बाई अंगाने काटकुळ्या, उजवा गुडघा दुखरा, पण फुटबॉल समोर आला की तो गुडघा कुठे जायचा कोण जाणे. शाळेमागे खडे आणि धूळ यांचं एक मैदान होतं. तिथे त्या मुलींना शिकवायच्या. मला त्या फार कमी वाजवायच्या. मुलगी चुकली तर चुकू द्यायच्या, पडली तर उठू द्यायच्या. खेळ मध्येच तोडला की मुलींचं डोकं चालायचं थांबतं, असं त्यांचं म्हणणं होतं. चहा घेतला असेल तर आधी चूळ भरायच्या, मगच मला तोंडाला लावायच्या. संध्याकाळी मला झटकून, रुमालाने पुसून खिडकीजवळच्या खिळ्याला टांगायच्या. मी रात्रभर वाऱ्यावर सुकायची. मित्रांनो, सुख म्हणतात ते हेच असावं.

त्याच मैदानावर भिंगरी आली. हे तिचं खरं नाव नव्हे, बाईंनी ठेवलेलं. बॉल पायात आला की ही मुलगी जागच्या जागी अशी गर्रकन फिरायची, की पुढची मुलगी भलतीकडेच धावत सुटायची. तिची आई दवाखान्याच्या धुलाईघरात चादरी धुवायची. कधी ती लेकीला न्यायला यायची आणि साबणाच्या वासासकट कडेला उभी राहून खेळ बघायची. फुटबॉलमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. लेक हसत बाहेर आली की तिला तेवढं पुरायचं.

पुढे बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी मुली मागे लागल्या, की बाई, ही शिट्टी तुम्हीच घेऊन जा. बाई म्हणाल्या, शिट्टी शाळेची आहे, माझी नाही. आणि त्यांनी मला खेळाच्या खोलीतल्या खणात ठेवून दिलं. प्रामाणिकपणा चांगला असतो हे मला मान्य आहे, पण तो नेमका माझ्याच बाबतीत दाखवायची काय गरज होती?

बाई गेल्या आणि वर्ष सरायच्या आत शाळेने ते मैदान एका क्लबला देऊन टाकलं. खडे गेले, प्लॅस्टिकचं हिरवंगार गवत आलं. भोवती उंच जाळी, फाटक, फाटकावर वॉचमन. या क्लबचा मुलींचा संघ सगळ्यात वरच्या लीगमध्ये खेळायचा. मोठ्या संघांना मुली हव्या असल्या की ते याच लीगमधून उचलतात, इतर मुलींकडे ढुंकूनही बघत नाहीत. आणि तेही कोवळ्या वयात. तेराव्या वर्षापर्यंत मुलगी लीगमध्ये शिरली तर शिरली, नाहीतर तिचा विषय संपला. जाळीवर भली मोठी पाटी लावली होती, 'प्रत्येक मुलीला संधी'. त्या पाटीखाली खुर्ची टाकून वॉचमन बसायचा आणि शाळेच्याच मुलींना तिथून हाकलायचा.

क्लबचे प्रशिक्षक होते सर. त्यांची बॅटरीवरची शिट्टी एकदा बंद पडली, म्हणून त्यांनी खण उचकटला आणि मी त्यांच्या हाती लागले. शी! तेव्हापासूनची माझी अवस्था काय सांगू. सर दिवसभर कसलंसं नारिंगी, चिकट, गोड पेय प्यायचे. त्यावर पुदिन्याचं च्युइंगम. आणि तोंड न पुसता मला दातात धरायचे. तो गोड चिकटा माझ्या पोटात ओघळायचा आणि तिथेच वाळायचा. एवढ्या काळात एकदाही त्यांनी मला पाण्याखाली धरलं नाही. सराव संपला की भिजलेल्या मोज्यांबरोबर पिशवीत कोंबायचे. मला माझाच वास सहन होईना.

पण तो चिकटा परवडला, असं त्यांचं बोलणं होतं. ज्यांच्या दारात गाडी उभी आहे अशा प्रत्येक बापाला सर एकच वाक्य ऐकवायचे, की तुमच्या मुलीत काहीतरी वेगळं आहे. मग ते वेगळं काय ते बाहेर काढायला रविवारची खास शिकवणी. शिकवणीला येणाऱ्या मुली संघात, न येणाऱ्या बाहेर, इतका सरळ हिशोब. बाहेरून आलेल्या एका मुलीला सांगायचे, तुझी अजून वाढ झालेली नाही. दुसरीला सांगायचे, तुझी वाढ जरा जास्तच झालीय. दोन्ही वाक्यं माझ्या अंगावरून गेलेली आहेत, तीही थुंकीसकट.

संघाची गोलकीपर होती एक उंच मुलगी. सगळ्या तिला शिडी म्हणायच्या. ते प्लॅस्टिकचं गवत तिच्या बाबांनी करवून दिलं होतं, त्यामुळे शिडीची जागा कायमची पक्की. गंमत अशी, की पोरगी खरोखरच चांगली होती. बॉल कुठे येणार हे तिला आधी कळायचं. पण सर तिच्या चुकीलाही 'वा' म्हणायचे. आपण चांगल्या आहोत की बाबांचं गवत चांगलं आहे, हे त्या बिचारीला समजायला काही मार्गच ठेवला नव्हता. सरावानंतर ती एकटीच गोलच्या खांबाला टेकून बसायची, तोंड पाडून. सरांच्या गळ्यात लटकून मी तिच्याकडे बघायची.

लीगचा एक नियम होता. दर वर्षी प्रत्येक क्लबने सर्वांसाठी खुली निवड चाचणी घ्यायची. सर ती घ्यायचे, फक्त ती आहे हे कुणाला कळू द्यायचे नाहीत. निरोप जायचा तो संघातल्या मुलींच्या आईबापांना, त्यांच्या फोनवर. त्या वर्षी मात्र वॉचमनने ही बातमी खेळाच्या बाईंच्या कानावर घातली. बाई तेव्हा बाजाराच्या वाहनतळावर, दुकानं उघडायच्या आधी, भिंगरीला आणि आणखी काही मुलींना शिकवत होत्या. हे मला पुढे कळलं. भिंगरीला तेरावं लागलं होतं. म्हणजे ही पहिली संधी आणि हीच शेवटची.

चाचणीच्या दिवशी भिंगरी आली. बूट कुणाचे तरी मागून आणलेले, पुढे कापूस कोंबलेला. आईने कामाची पाळी बदलून घेतली होती. बाईंना वॉचमनने आत सोडलं नाही, म्हणून त्या आणि भिंगरीची आई जाळीच्या बाहेर उभ्या राहिल्या. आत सावलीत आईबापांच्या खुर्च्या होत्या आणि मधल्या खुर्चीत लीगचे निरीक्षक, हातात फोन. एका बाजूला क्लबच्या मुली, दुसऱ्या बाजूला बाहेरून आलेल्या.

आता सरांची युक्ती ऐका. बाहेरच्या मुलीकडे बॉल आला आणि ती पुढे निघाली, की लगेच मला फुंकायचं. "थांब, जागा सांभाळ." "थांब, आधी मान वर कर." वरवर बघणाऱ्याला वाटावं, किती मन लावून शिकवतोय हा माणूस! क्लबच्या मुलींच्या वेळी मात्र मी गप्प. भिंगरीला त्यांनी असं पुन्हा पुन्हा तोडलं. ती फिरली की मी वाजायची. पुढचीला चकवलं की मी वाजायची. जाळीबाहेर बाईंनी मला आवाजावरून ओळखलं असणार, कारण त्यांचा चेहरा आंबट झाला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी शेवटी भिंगरीला मैदानाच्या मध्यावर बॉल मिळाला. एकीला मागे टाकलं, दुसरीला मागे टाकलं, समोर फक्त शिडी. सरांनी नारिंगी पेयाचा घोट घेतला आणि तसंच मला दातात धरून जोर लावला.

फुस्स.

मित्रांनो, मी काही शूर नाही. मी ठरवून गप्प बसले, असं म्हणायला मला आवडलं असतं, पण ते खोटं होईल. त्यांचाच गोड चिकटा पिऊन पिऊन माझ्या पोटातली गोळी फुगली होती, ती नेमकी तेव्हा वाटेत अडकून बसली. सरांनी गाल फुगवून पुन्हा फुंकलं, पुन्हा फुस्स. तोवर भिंगरीने बॉल डाव्या कोपऱ्यात मारला होता. शिडी अंगातलं सगळं बळ लावून झेपावली, तिच्या बोटांची टोकं बॉलला लागलीही, आणि बॉल आत गेला.

जाळीबाहेर बाई ओरडल्याच. निरीक्षकांनी फोनमधून मान वर काढली. सर शांतपणे म्हणाले, "गोल नाही. मी आधीच शिट्टी मारली होती."

निरीक्षकांनी खुर्च्यांकडे पाहिलं. कुणाची तरी आई म्हणाली, हो, मारली होती. एक बाप म्हणाला, आम्हाला इथपर्यंत स्पष्ट ऐकू आली. शिडीच्या बाबांनी तर ती कधी वाजली, तेही सांगितलं. एकामागून एक सगळ्या माना हलल्या. चांगली शिकलेली, धुतल्या कपड्यांतली माणसं, आणि मी वाजलेच नव्हते तरी त्यांनी मला ऐकलं. सरांचं पेय, तो चिकटा, ते मोजे, सगळं मी पोटात घातलं होतं. पण त्या घटकेला मला जी शिसारी आली, तशी कधीच आली नव्हती. भिंगरी मैदानात उभी होती, कधी सरांकडे बघत होती, कधी खुर्च्यांकडे. तिला वाटत होतं, आपल्याच कानात काही बिघाड झालाय.

तेवढ्यात शिडी उठली. गुडघा सोललेला, केसांत त्या प्लॅस्टिकच्या गवतातले रबराचे काळे दाणे. ती म्हणाली, "शिट्टी वाजली नाही, सर. वाजली असती तर मी उडी कशाला मारली असती?"

बाबा खुर्चीतून म्हणाले, की बाळा, तुझं लक्ष नव्हतं, तू बस. शिडी बसली नाही. या मैदानावर पहिल्यांदा तिला कुणीतरी खराखुरा गोल मारला होता आणि तो तिला हवा होता. ती सरांपुढे जाऊन उभी राहिली.

"वाजवून दाखवा ना, सर."

आता सगळे बघत होते. सरांचा नाइलाज झाला. त्यांनी मला तोंडाला लावलं.

फुस्स.

निरीक्षकांना बहुधा घरी जायची घाई होती. ते वैतागून म्हणाले, "अहो सर, संघ तर तुम्ही परवाच कळवलाय ना आम्हाला? मग हा वाद कशासाठी?"

बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आपण कुणासमोर बोललो ते. बाहेरून आलेल्या मुलींनी ऐकलं होतं. जाळीपलीकडे भिंगरीच्या आईनेही ऐकलं होतं. तिला खेळातलं कळत नव्हतं, पण हे कळलं. तिने जाळीत अडकवलेली बोटं काढून घेतली आणि लेकीला एवढंच म्हणाली, "चल घरी."

भिंगरी निघाली. शिडीजवळून जाताना थांबली आणि म्हणाली, "तुझी बोटं लागली होती बॉलला."

"लागली होती," शिडी म्हणाली. "थोडी उशिरा."

मग सरांनी काय केलं? सगळा दोष माझा, म्हणून दोरी तोडून मला जाळीवरून भिरकावून दिलं. मी बाहेर धुळीत पडले, बाईंच्या पायापाशी. बाई गुडघा धरत वाकल्या, मला उचललं आणि वॉचमनला दाखवून म्हणाल्या, "टाकून दिलीय त्यांनी. आता मी नेते." वॉचमनने दुसरीकडे तोंड फिरवलं. घरी बाईंनी मला कोमट पाण्यात भिजत घातलं, काडीने कोपरे साफ केले आणि पुन्हा एका खिडकीत टांगलं. चिकटा निघायला बरेच दिवस लागले.

संघ अर्थातच परवा ठरलेलाच राहिला. सर अजून तिथेच आहेत, पाटीही तिथेच आहे. शिडी एक-दोन रविवारी वाहनतळावर आली, भिंगरीबरोबर जीव तोडून खेळली, खूप हसली. मग तिची गाडी यायची बंद झाली.

आता बाईंचा दम पुरत नाही. लहान मुलींना शिकवताना त्या मला भिंगरीच्या हातात देतात. ती चौदा वर्षांची पोर मला आधी धुते, मग पुसते, मगच वाजवते. मी पूर्वीसारखीच खणखणीत वाजते आणि लहानग्या धावत येतात. मला आनंद व्हायला हवा. पण मित्रांनो, माझा जीव जळतो. या वयात भिंगरीच्या पायात बॉल हवा होता, एखाद्या मोठ्या मैदानावर. तोंडात शिट्टी धरायचे दिवस तिला पुढे कितीतरी मिळाले असते.

माझं मागणं मोठं नाही. तुमच्या शाळेत माझ्यासारखी कुणी असेल, तर तिला गोड तोंडाने फुंकू नका, वापरल्यावर धुवा, वाऱ्यावर सुकू द्या. आणि कधी ती वाजलीच नाही आणि समोरचा मोठा माणूस म्हणाला, की वाजली, तर शेजारच्यांच्या माना हलताहेत म्हणून तुम्ही आपली मान हलवू नका.