खांब सरकला, समुद्र नाही

मी समुद्रकाठचा एक लाल-पांढरा खांब बोलतोय. माझं मत कुणी विचारलेलं नाही; पण न विचारता बोलायची चाल मी माणसांकडूनच शिकलो.

हेमांगीताई मरोळच्या एका लहानशा संस्थेत किनाऱ्याचा अभ्यास करतात. त्यांनी मला बोरिवलीच्या खाडीपलीकडच्या एका कोळीवाड्यासमोर वाळूत रोवलं. काम सोपं होतं. मी उभं राहायचं आणि पाणी माझ्यापासून किती लांब आहे ते त्यांनी मोजायचं.

मग शेजारी रिसॉर्ट आलं. त्याच्या हिरवळीला समुद्राची नजर लागू नये म्हणून दगडी बंधारा झाला. हिरवळ वाचली. लाटा तिथून वळून आमच्याकडे आल्या. त्यांनाही कुठंतरी जायला हवंच ना. बायका बोंबील वाळत घालायच्या त्या जागेची वाळू जाऊ लागली. मी तसूभर हललो नाही, तरी पाण्यात गेलो.

हेमांगीताईंच्या तक्रारीवरून एक साहेब पाहणीला आले. शहाळं प्यायले, मला लांबूनच न्याहाळलं आणि म्हणाले, "मॅडम, समुद्र जागेवरच आहे. तुमचा खांब सरकलाय."

वाळवणाचं सगळं बघणारी पार्वतीमावशी शांतपणे म्हणाली, "सायेब, खांबाला पाय कवा फुटले?"

साहेब हसले आणि गाडीत बसले. ठरलं ते ठरलं. मी सरकलो.

हेमांगीताई मावशीच्या ओट्यावर येऊन बसल्या. "मावशी, बंधाऱ्याविरुद्ध मी भांडत राहीन. पण पावसाळ्यातलं उधाण माझ्या भांडणासाठी थांबणार नाही. वाळवणाचा मांडव वर देवळामागे नेऊया का?"

"सासूची जागा हाय ती," मावशी म्हणाली. तिने एकदा समुद्राकडे बघितलं. मग पदर खोचून उठली. "चल. सासू तरी बुडत्या जागंवर कशाला बसली असती?"

बायकांनी बांबू, जाळी, सुकी मासळी सगळं वर नेलं. आळीतले शहाणे कट्ट्यावर बसून हसले. उधाण आलं आणि जुनी जागा धुऊन गेलं. मासळी वाचली. शहाणे ती मागायला सगळ्यांत आधी हजर झाले, मावशीने दिलीही.

मी मात्र उखडून वाहत गेलो. आता त्याच बंधाऱ्याच्या दगडांत आडवा अडकलोय. शेवटी साहेबांचा शब्द मी खरा केला.

हेमांगीताई देवळाजवळ नवा खांब रोवणार आहेत, असं कानावर आलंय. साहेब, तो बघायला जरूर या. फक्त गाडी जरा लांब लावा. गेल्या खेपेला लावली होती तिथं हल्ली बोय मासे पोहतात.