एकच फोटो कसा उघडला

चतुर्थी नव्हती, तरी राजूरच्या गणपतीच्या देवळामागची गल्ली माणसांनी गच्च भरली होती. सगळ्यांची तोंडं कल्याण फोटोग्राफरच्या स्टुडिओकडे. आत टेबलावरच्या कॉम्प्युटरला चक्क हळदकुंकू, हार, आणि पडद्यावर लाल कपडा. शेजारी पाटावर राधेश्याम महाराज. आदल्या दिवशी त्यांनी म्हणे बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधून मेलेल्या माणसाचा फोटो बाहेर काढला होता. आज व्हिडिओ काढणार होते. मेलेला माणूस बोलणार, म्हणून लोक पार भोकरदनहून आले होते.

मीही भोकरदनहूनच आले होते, पण डोकं तापवून. मी तिथल्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. सकाळी माझी जुनी विद्यार्थिनी आकांक्षा हिचा फोन आला होता. तिच्या लग्नाचं सगळं शूटिंग कल्याणकडे होतं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तिचे वडील धर्मराज झटक्याने गेले. लग्नात त्यांनी माईक घेऊन लेकीला चार शब्द सांगितले होते. पाहुण्यांच्या मोबाईलमध्ये नुसता बँडचा गोंगाट आला होता, त्यामुळे त्यांचा आवाज जगात उरला होता तो त्या एका व्हिडिओत. आकांक्षाच्या आईला, पुष्पाबाईंना, तो आवाज हवा होता. दुसरं काही मागणं नव्हतं बाईचं.

कल्याण आज देतो, उद्या देतो करत राहिला. मग म्हणाला, फाईल उघडत नाहीत, हे काहीतरी वेगळंच दिसतंय, मी एका महाराजांना आणतो. महाराजांनी काय निदान करावं? सी ड्राइव्हमध्ये राहू, डी ड्राइव्हमध्ये केतू आणि मधे धर्मराजांचा अडकलेला आत्मा. आणि आत्मा का अडकला, तर नवरा गेल्यावरही पुष्पाबाई कुंकू लावतात, बांगड्या घालतात म्हणून. अहो, धर्मराजांनीच बायकोला बजावून ठेवलं होतं की मी आधी गेलो तरी तू कपाळ पुसायचं नाही. पण काल महाराजांच्या सांगण्यावरून त्या बाईने भर गल्लीत कपाळ पुसलं, बांगड्या फोडल्या. महाराजांनी उदबत्ती ओवाळली, कपडा बाजूला केला, आणि पडद्यावर फेटा बांधलेले धर्मराज. बाई जागेवर बसली ती उठेचना.

आकांक्षा फोनवर म्हणाली, "मॅडम, फोटो खरा हाय. मी माझ्या डोळ्यानं पाह्यलाय. मंग महाराज खोटे कसे?"

प्रश्न बरोबर होता. उत्तर मला तिथे जाऊनच मिळणार होतं. वाटेत मला कल्याणचीच काळजी वाटत होती, कारण तोही माझ्याच वर्गात शिकलेला. पोरगं घाबरलं असेल, या बाबाच्या नादी लागलं असेल, असं मी स्वतःला समजावत होते.

मी कॉम्प्युटरजवळ गेले तसे महाराज डाफरले. मशीन आता जागृत झालंय, कळ दाबली की आत्मा बिथरेल, बाईमाणसाने तर बिलकुल जवळ येऊ नये. मी म्हटलं, हात लावत नाही, फक्त आज कोणता फोटो उघडायचा ते मी सांगते. वाटूरच्या एका लग्नाचं नाव घेतलं, कारण ते पाहुणेही आपले फोटो मागायला समोरच उभे होते. महाराज म्हणाले, त्याला मुहूर्त लागतो. मी विचारलं, आत्मा धर्मराजांचा आहे ना, मग बाकीच्यांच्या लग्नांचे, बारशांचे फोटो का उघडत नाहीत? वाटूरचे पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. मग मी सरळ कपडा ओढून काढला आणि एकेक फोल्डर उघडलं.

प्रत्येक फाईलच्या नावापुढे एकच विचित्र शेपूट लागलं होतं. प्रत्येक फोल्डरमध्ये इंग्रजीत एक चिठ्ठी होती. मी ती मोठ्याने मराठीत सांगितली. तुमच्या फाईल आम्ही कुलूपबंद केल्या आहेत. किल्ली हवी असेल तर पैसे द्या. किल्ली खरोखर आमच्याकडे आहे याची खात्री पटावी म्हणून एक लहान फाईल मेलने पाठवा, ती आम्ही फुकट उघडून देऊ.

वाटूरचे पाहुणे चिठ्ठी बघायला पुढे सरकले.

"कल्याण," मी म्हटलं, "ती एक फाईल चोरांना कोणी पाठवली?"

त्याने महाराजांकडे पाहिलं. महाराज चपला शोधत होते. मला कॉम्प्युटरमधलं काय कळतंय, असं ते पुटपुटले. दिवसभरातलं त्यांचं तेवढंच वाक्य खरं होतं.

मग कल्याण बोलला. एडिटिंगचं महागडं सॉफ्टवेअर त्याने इंटरनेटवरून चोरीचं, फुकटात उतरवलं. आधी अँटीव्हायरस बंद करा, असं तिथेच लिहिलं होतं. याने केला. कुलूप लावणारा व्हायरस त्यातच दडलेला होता. बॅकअपची डिस्क कायम त्याच कॉम्प्युटरला जोडलेली, म्हणून तीही गेली. लोक गचांडी धरतील या भीतीने त्याने महाराज आणला. आत्म्याचं काम म्हटलं की फोटोग्राफरला कोण विचारतंय? चोरांकडून उघडून आलेला फोटो त्याने कपड्याआड पडद्यावर लावून ठेवला होता. आज व्हिडिओ निघणारच नव्हता, आत्मा रुसला म्हणायचं ठरलं होतं.

"अन् कुंकवाचं?" आकांक्षाने विचारलं.

"महाराजाला खापर फोडायला घरातलं कायतरी पाहिजे होतं," तो मान खाली घालून म्हणाला. "मीच सांगितलं."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. याला सगळं कळत होतं. मीच शिकवलं होतं. पण आधी हाताशी आलेलं काम केलं. इंटरनेटची तार उपटली, डिस्क सोडवली, म्हणजे व्हायरस पुढे पसरायला नको. चोरांना पैसे द्यायचे नाहीत आणि सायबर पोलिसांत तक्रार करायची, हे कल्याणला सर्वांसमोर बजावलं. या जातीच्या कुलुपाची फुकट किल्ली तज्ज्ञांनी काढली आहे का, ते मोबाईलवर शोधलं. अजून निघाली नव्हती.

मी पुष्पाबाईंजवळ बसले आणि खरं ते सांगितलं. कॉम्प्युटर पुसून विंडोज नव्याने टाकलं की व्हायरस जाईल, पण लागलेलं कुलूप त्याने निघत नाही. त्याआधी बंद फाईल वेगळ्या डिस्कवर काढून जपून ठेवू. कधी किल्ली सापडली तर आवाज ऐकू येईल. सापडेलच असं नाही.

"मंग ह्यांचा फोटो उघडला कुनी?" त्यांनी विचारलं.

"चोरांनी, काकू."

त्या उठल्या आणि कल्याणसमोर जाऊन उभ्या राहिल्या. तो पायाला हात लावायला वाकला, तशा त्या मागे सरकल्या.

"चोरानं तरी लिहून ठेवल्तं, आमी कुलूप लावलं म्हून," त्या म्हणाल्या. "तू माझ्या घरी जेवून गेल्तास. ह्यांचा आवाज गेला म्हनला अस्तास, तर मी रडून गप बसले अस्ते."

लोकहो, आत्मा फाईलला कुलूप लावत नाही. फुकटच्या मोहाने आपणच दार उघडतो आणि चोर आत येतात. महत्त्वाच्या फाईलची एक प्रत कॉम्प्युटरपासून कायम सोडवून ठेवा. बिघाड झाला तर तार काढा आणि जाणकाराला विचारा. आणि यंत्र सुरू व्हावं म्हणून कुणी एखाद्या बाईला कपाळ पुसायला सांगितलं, तर तिथल्या तिथे त्याला विचारा, तुला यात काय लपवायचंय?